कच्चं लिंबू

कऱ्हाड,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. पोरी,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. “बाई, मला जमत नाही हो,” एवढंच बोललीस आणि मग नुसता नाक ओढल्याचा आवाज. मला फोनवर धीर देता येत नाही. छत्तीस वर्षं वर्गात तोंड चालवलं, पण समोर चेहरा नसला की शब्दच सापडत नाहीत. म्हणून आज जेवणं उरकल्यावर कागद घेतला. तुला रेंजसाठी शाळेमागच्या टेकाडावर चढावं लागतं. हे पत्र पोस्टमन खालीच आणून देईल.

तू तुटक तुटक सांगितलंस ते मी असं जुळवलं. दिवाळीआधीच्या संकलित चाचणीचे गुण तक्ता करून केंद्राच्या ग्रुपवर टाकले. तुझी तिसरी-चौथी सगळ्यात खाली, आणि ती ओळ लाल रंगात. वरच्या शाळांना फुलांचे गुच्छ, अंगठे, “अभिनंदन सर”, “अभिनंदन मॅडम”. तुझ्या शाळेबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही, आणि तेच तुला जास्त लागलं. त्यात निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर गेलेली, भिवंडीकडं, वसईकडं. ज्यांची सुधारणा दाखवायची ती मुलंच समोर नाहीत. आणि पहिली-दुसरीवरचे तुझे सहकारी गुरुजी महिनाभर धड बोलत नाहीत, मुलांवर खेकसतात, मधल्या सुट्टीत पुस्तकात डोकं घालून बसतात.

ही शेवटची तक्रार तू सगळ्यात जोरात केलीस. तिथूनच सुरुवात करते.

ते पुस्तक कसलं आहे ते पाहिलंस का? पोरी, ते टीईटीचं, शिक्षक पात्रता परीक्षेचं असणार. गुरुजी २००२ साली लागले म्हणालीस. म्हणजे पहिली तीन वर्षं महिना ३,००० रुपयांवर शिक्षणसेवक. तुला आज १६,००० मिळतात आणि खोलीभाडं देऊन, घरी पाठवून तेही पुरत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण ३,००० वर संसार मांडलेला माणूस वेगळ्या मातीचा होतो. तेव्हा टीईटी नावाची गोष्ट जन्मालाच आलेली नव्हती. आपल्या राज्यात पहिली टीईटी झाली ती २०१३ च्या डिसेंबरात. डी.एड. झाले, नेमणूक मिळाली, डोंगर चढले, शिकवायला लागले. आणि यंदा १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. हा निकाल बरोबर की चूक, त्या वादात मी पडत नाही. शिकवणाऱ्याची परीक्षाच घेऊ नये असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपण मुलांच्या वर्षात किती घेतो! पण तेवीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या माणसाला २३ नोव्हेंबरला आपल्या पोराच्या वयाच्या उमेदवारांबरोबर बाकावर बसून गोल काळे करावे लागले, तेव्हा त्याच्या पोटात काय झालं असेल, याचा विचार कर. निकाल अजून यायचाय, म्हणून पुस्तक हातातून सुटत नसेल. आणि मधे मतदानाची ड्यूटी, मुख्याध्यापकपदाचा चार्ज, पोषण आहाराचा हिशेब, बीएलओचं मतदारयादीचं काम. तू म्हणालीस, दुसरीतल्या एका पोरीनं विचारलं, “गुरुजी, तुमचा पेपर सोपा गेला का?” आणि ते तिच्या अंगावर ओरडले. पोरीचं चुकलं नाही. पण गुरुजी ओरडले ते तिच्यावर नव्हे गं.

तू परीक्षांच्या गिरणीतून दळून निघालेली. टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, मग पवित्र पोर्टलवरून २०२४ च्या भरतीत कुठल्या कुठं जाऊन पडलीस. दीडशे प्रश्न, अडीच तास, नव्वद गुण, सवलतीच्या प्रवर्गाला थोडे कमी, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हे सगळं तुला झोपेतही येतं. गुरुजींना यातलं काही सांगायला कोणी नाही. विचारायची त्यांना लाज वाटते, आणि तू लहान असून आपणहून सांगायचं कसं म्हणून गप्प. एका व्हरांड्यात दोन माणसं, दोघांनाही परीक्षेनं धरलेलं, आणि दोघं एकमेकांपासून वही झाकून बसलेली. वर्गात अशी मुलं दिसली असती तर तू काय केलं असतंस?

बालमानसशास्त्राचे तीस गुण असतात. पियाजे, वायगॉट्स्की ही नावं ऐकली की आमच्या पिढीच्या कपाळावर आठी पडते. त्यांना एवढंच सांग, की मूल एकट्यानं जे करू शकत नाही पण मोठ्याचा हात धरून करतं, त्या मधल्या जागेला वायगॉट्स्कीनं लांबलचक नाव दिलंय. गुरुजी रोज पहिलीच्या पोराचा हात धरून ‘क’ गिरवतात ना, तिथंच ते उभे असतात. तेवीस वर्षं करताहेत, फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नाही. हे सांगताना शिकवणीचा आव आणू नकोस. “गुरुजी, माझ्या जुन्या नोट्स पडल्यात, उंदीर खातील,” म्हण आणि त्यांच्या टेबलावर ठेवून ये. पुरुषमाणसाला मदत अशी सांडल्यासारखी द्यावी लागते.

आता तुझ्या लाल ओळीकडं येते. त्याआधी माझं एक सांगते. हे मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही.

२०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासननिर्णय आला. मुलं खरंच कुठं आहेत ते आधी पायाभूत चाचणीनं बघा आणि मग वर आणा, असा त्याचा अर्थ. हेतू चांगलाच होता, अजूनही तेच म्हणते. पण हेतू वरून खाली येईपर्यंत त्याचा तक्ता होतो. आमच्याकडचे एक साहेब बैठकीत उभं करून विचारायचे, “तुमची शाळा प्रगत कधी?” जसं काही मूल कधी होणार असं सुनेला विचारावं. बघता बघता शिक्षकांत एक शहाणपण पसरलं: पायाभूतला हात आखडता घ्यायचा, संकलितला सैल सोडायचा, वाढ आपोआप दिसते.

माझ्याकडं तिसरी होती, सतरा मुलं. त्यात एक मेंढपाळाचा मुलगा. सहा महिने वर्गात, सहा महिने मेंढरांमागं. त्या आठवड्यात माझी आई दवाखान्यात. रात्री मी तिच्या उशाशी, सकाळी एसटीनं शाळेत. संकलित चाचणीचे पेपर तपासायला बसले तर ह्याच्या वजाबाक्या एकजात चूक. शाळा सुटलेली, व्हरांड्यात कोणी नाही. मी खोडरबर घेतलं, त्याची उत्तरं पुसली आणि तिसरीतल्या पोरासारखं वेडंवाकडं अक्षर काढून बरोबर उत्तरं लिहिली. चार गणितं. अक्षर मात्र इतकं हुबेहूब जमलं, की क्षणभर मला त्याचं कौतुक वाटलं. काय माणूस असतो बघ.

मान वर केली तर दारात आमच्या दुसऱ्या बाई. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, त्यांची पर्स राहिली होती. त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. उद्या केंद्रात, परवा तालुक्यात. त्या आत आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, लपंडावात आपण लहान पोरांना कच्चं लिंबू करायचो ना? ते आऊट झालं तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. आज तुम्ही कच्चं लिंबू. घरी जा, झोपा. उद्या तुमची मुलं मी माझ्यात घेते.”

मी रडले नाही, उलट चिडले. कच्चं लिंबू! तीसेक वर्षांच्या नोकरीनंतर! पण पाय घराकडं निघाले.

तिसऱ्या दिवशी परत आले ते ठरवून, की माझी उत्तरं पुसायची आणि त्याची परत लिहायची. पुसली. पण त्यानं काय लिहिलं होतं तेच मला आठवेना. सगळी चूक होती एवढंच आठवत होतं. चूक कोणती, ते मी बघितलंच नव्हतं. मग दोघींनी मिळून त्याला बोलावलं आणि तीच गणितं पुन्हा घातली. ५२ वजा ३७. त्यानं लिहिलं २५. पुढचं ८१ वजा ४६, उत्तर ४५. त्या बाई म्हणाल्या, “अहो, हा चुकत नाहीये. ह्याचा एक नियम आहे.” आणि खरंच होता. दोनातून सात जात नाहीत ना, मग हा सातातून दोन काढत होता. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. कुठंही अडायचं नाही, तक्रार नाही, शिस्तीत. मला त्या पोराचा हेवा वाटला. मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेतले. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या, आणि सात सुट्या दे म्हटलं. त्यानं दोन दिल्या, थांबला, माझ्याकडं बघितलं आणि एका गठ्ठ्याचं रबर काढलं. आठवडा गेला असेल त्यात. मी जे पुसलं होतं, ते हे होतं.

त्यानंतर ‘कच्चं लिंबू’ आमच्या शाळेतला परवलीचा शब्द झाला. सकाळी आल्या आल्या एकीनं म्हणायचं, “आज मी कच्चं लिंबू,” की दुसरीनं कारण विचारायचं नाही. तिची मुलं आपल्या वर्गात; सगळ्यांना मिळून गोष्ट, परिसरातली पानं गोळा करणं, गाणी. कच्चं लिंबू असलेली हजेरीपट भरेल, एक कोपरा गाठेल, चहा पिईल, नाहीतर नुसती खिडकीतून बघत बसेल. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. आणि हिशेब ठेवायचा नाही असं ठरलं होतं तरी तो आपोआप सारखा व्हायचा. तुम्ही द्विशिक्षकी शाळेतली माणसं. वर्ग जोडून घ्यायची तुम्हाला सवयच असते. ती फक्त बैठकीच्या आणि ड्यूटीच्या दिवशीच का वापरायची?

तर तुझं काम असं. लाल ओळ विसर आणि त्या पेपरांचा गठ्ठा काढ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास गुरुजींना बसव. तुझे पेपर त्यांच्या हातात दे. बरोबर उत्तरांकडं बघायचंच नाही, फक्त चुका बघायच्या आणि पोराचा नियम कोणता ते ओळखायचं. ते तिथल्या मुलांना तुझ्याहून जास्त ओळखतात. तुझी मुलं घरी वारली बोलतात; ‘उरले किती’ हे वाचून न समजलेलं मूल आणि वजाबाकी न येणारं मूल, दोघांचा गुण शून्यच. तक्त्यात ती दोघं शेजारी बसतात, वर्गात त्यांना वेगळं करायचं असतं. गुरुजींना तोच प्रश्न वारलीत तोंडी विचारायला सांग आणि शून्यातली किती शून्यं गळून पडतात ते मोज. मला कळव. अंदाज आहे माझा, पण आधी सांगत नाही.

स्वतःचं कच्चं असं दुसऱ्याच्या हातात द्यायला धीर लागतो. ग्रुपवर तो येत नाही. ग्रुपवर शंभर अभिनंदनं असतात आणि “मला हे जमेना” असं एक वाक्य नसतं. आमच्या वेळी गटसंमेलन असायचं. एकानं आदर्श पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागं बसून टिपणं काढायची. पाठ बहुधा पाठच केलेला असायचा, मुलंही पढवलेली. पण नंतर पिठलं-भाकरीची पंगत बसायची, आणि परतीच्या वाटेवर दोघं-तिघं चालता चालता खरं बोलायचे: माझी दुसरी वाचतच नाही हो, मी काय करू? खरं संमेलन त्या वाटेवर भरायचं. तुमच्या शिक्षण परिषदेत आता परिपत्रकं वाचली जातात म्हणतेस. जाऊ दे, वाचू देत. आपल्यासारखी लाल ओळ आणखी कोणाची आहे ते बघ आणि परिषद सुटल्यावर तिला चहाला थांबव. नवा ग्रुप मात्र काढू नकोस, देवाशपथ.

आणि केंद्रप्रमुखांना शिव्या घालण्यात फार वेळ घालवू नकोस. मी घातल्यात भरपूर, छान वाटतं, नाही असं नाही. पण तो तक्ता त्यांनाही वरून कोणीतरी दाखवलेला असतो. कित्येक ठिकाणी एकाच्या गळ्यात दोन-दोन केंद्रं आहेत.

सावित्रीबाईंचं एक पत्र आहे, १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. आजारी पडून त्या माहेरी गेलेल्या. तब्येतीचं सांगता सांगता शाळेतल्या सोबतिणीचा, फातिमेचा विषय निघतो: आपण नाही म्हणून तिच्यावर फार भार पडत असणार, पण ती कुरकुर करायची नाही, असा त्याचा आशय. रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या मनाला काय लागतं ते त्यात आहे. मी हे पत्र कितीदा वाचलं आणि दर वेळी माझं मन फातिमेकडं जातं. कुरकुर न करणारी सोबतीण भाग्यानं मिळते खरी. पण तिनं थोडी कुरकुर केली असती तरी चाललं असतं असं मला वाटतं. तू कर. गुरुजींनाही करू दे.

एक गोष्ट मात्र गफलतीनं समजू नकोस. आपण एकमेकांना सांभाळायचं याचा अर्थ वरच्यांनी पदं रिकामी ठेवायची आणि बाहेरची कामं लादायची असा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकाला तीनच बाहेरची कामं सांगता येतात: जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. पुढच्या वर्षी जनगणनेची घरयादी येतेय, ती तू करशील, करायलाच हवी. पण यादीत नसलेलं काम आलं की संघटनेत बोला, लेखी विचारा, दोघांच्या सह्यांनी. आम्ही बायका “होईल हो, करू” म्हणत म्हणत सगळं अंगावर घेत गेलो आणि मग ते आमचंच काम ठरलं. आमची ही चूक आहे, तिला त्याग म्हणू नकोस.

आणि झोपेचं विचारायचं राहिलं. फोनवर तू म्हणालीस, पहाटे तीनला जाग येते आणि मग छातीत धडधडतं. असं पंधरा दिवसांच्या वर चाललं असेल तर ते माझ्या पत्रानं जाणार नाही, गुरुजींच्या चहानंही नाही. जव्हारला डॉक्टरांना दाखव. टेकाडावर चढशील तेव्हा टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लाव. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. वेड लागलेल्यांसाठी असतो असं समजून बसू नकोस.

वीटभट्टीवर गेलेल्या मुलांचं माझ्याकडं उत्तर नाही. एवढंच आठवतं, की तुझ्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथं शाळा मांडली, आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात नेली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मिळालं तर वाच. नाही मिळालं तर माझी प्रत आणते. ताराबाईंच्या हाताखाली अनुताई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढं वर्षानुवर्षं दोघी एकमेकींना धरून राहिल्या. एखाद्या रविवारी जाऊन ये, गुरुजींना आणि त्यांच्या घरच्यांनाही घेऊन जा. त्या माणसाला पुस्तकातून बाहेर काढायला दुसरा उपाय दिसत नाही.

मी आणते म्हटलं ते खरंच. संक्रांत झाली की यायचं ठरवलंय. कऱ्हाडहून ठाणे आणि तिथून जव्हारची गाडी, असं शेजारच्या मुलानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं; पुढं शाळेपर्यंत जीप किती वाजता असते ते कळव. अंथरूण माझं मी आणीन, तिकडं थंडी असते म्हणतात. गुरुजींना एक दिवस रजा टाकायला सांग, किंवा वर्गातच कोपरा गाठून अभ्यास करू देत. मी वर्ग घेईन. मला तुझी चौथी दे. पहिलीतली मुलं काय बोलतात ते मला ओ का ठो कळणार नाही. त्या वर्गावर उभं केलंस तर आधीच सांगून ठेव पोरांना, की म्हाताऱ्या बाई कच्चं लिंबू आहेत.

तुझ्या,
बाई